निळ्याचं ठरलेलं घर मोडलं

मंडळी, आमच्या तारा या कारवान (शिकारी जातीच्या) कुत्रीची चार पिल्लं आम्ही रंगांच्या नावांनी ओळखतो; त्यातल्या निळ्या नराला घेणारं घर पक्कं झालं असं मागच्या वेळी लिहिलं होतं. ते मोडलंय. टोकन परत केलं. निळा आता काही आठवडे तरी बडोद्याच्या दांडिया बाजारात आमच्याकडेच राहणार.

बाकीच्यांचं आधी उरकते. लाल मादी कारेलीबागेतल्या निवृत्त जोडप्याकडे जाणार, पिवळा आणंदला. हिरवीचं खाली येतंच. सगळ्यांची वजनं छान चढताहेत, जंताचं औषध वेळच्या वेळी, पहिली लस झाली, ओळखीच्या मायक्रोचिपाही टोचल्या. ऑनलाइन मिळणारा स्वस्त चिप-स्कॅनर मात्र घेऊ नका. पंधरा आकडी नंबर एकदा दाखवतो, पुढच्या वेळी गप्प. डॉक्टरांच्या स्कॅनरवर चारही चिपा लगेच वाचल्या. त्याउलट साधा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा! पहिल्या दिवसापासून वजनाची वही त्याच्याच जिवावर चाललीय, ग्रॅमचाही घोळ नाही.

आता निळा. खोल छाती, लांब मान, आणि आत्तापासूनच अशी चाल की बघत राहावं. म्हणूनच नको त्या लोकांचा डोळा त्याच्यावर. कारवान म्हटलं की घरात पाळणाऱ्यांइतकेच फोन शिकारवाल्यांचे आणि जोडी लावून पिल्लं विकणाऱ्यांचे येतात, हे तुम्हाला माहीत आहे. पूर्वी ते सरळ बोलायचे, त्यामुळे सरळ नाही म्हणता यायचं. आता सगळ्यांना उत्तरं पाठ असतात. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं सशामागे कुत्रा सोडणं गुन्हा आहे, त्यामुळे तो शब्द कुणी तोंडातून काढत नाही. पण "शेतात ससा दिसला आणि हा सुटला तर?" असं गप्पांच्या ओघात विचारलं की काहीजण अजूनही फसतात. डभोईकडचे एक काका लगेच म्हणाले, "अहो, सुटू द्यायचा! धावायलाच तर घेतोय." तिथेच नमस्कार केला.

ज्यांच्याशी निळ्याचं ठरलं होतं ते वाघोडियाचे गृहस्थ मात्र कुठेच अडकले नाहीत. सहा फुटी भिंत, व्हेटचं नाव तयार, आधीचा कुत्रा म्हातारा होऊन गेलेला. थायोपेंटोनची भूल साइटहाउंडला, म्हणजे कारवानसारख्या नजरेनं शिकार करणाऱ्या कुत्र्यांना, जड जाते, हेसुद्धा त्यांनी आपणहून सांगितलं. असं ऐकलं की आपल्याला किती बरं वाटतं! पहिल्या फोनवर त्यांनी "जोडी मिळेल का?" विचारलं होतं. एका वेतातली नर-मादी एका घरी देत नाही म्हटल्यावर विषय सोडून दिला.

पुढच्याच आठवड्यात हिरवीसाठी मांजलपूरचं एक तरुण जोडपं आलं. गोड बोलणं, फॉर्म नीट भरलेला, घराचे फोटोही पाठवलेले. हॉलच्या फोटोत झोपाळा. पितळी साखळीत हत्ती, मोर, हत्ती, मोर, आणि डावीकडे एका मोराच्या जागी साधी लोखंडी कडी, तिला गुंडाळलेला लाल दोरा. बडोद्यात झोपाळा घरोघरी असतो, पण ही कडी मी आधी पाहिली होती. वाघोडियाचे फोटो काढून शेजारी लावले. तीच कडी, तोच दोरा, खालच्या फरशीचा तुटका कोपराही तोच.

फोन केला तर आधी "ते मामांचं घर", मग "आम्ही तिकडेच राहायला जाणार आहोत", आणि शेवटी आवाज चढवून "तुम्हाला विकायचंय की नाही?" दोन नावांनी सख्खे भाऊ-बहीण गोळा करायचे, पहिल्याच माजाला मादी लावायची, आणि वर माझ्या ताराच्या नावानं पिल्लं विकायची. दोघांचंही टोकन त्याच संध्याकाळी परत केलं. त्या दिवशी हिरवीला मांडीवरून खाली ठेववेना.

तर आता घराचे फोटो बंद. व्हिडिओ कॉल, तोही फाटकापासून सुरू, आणि कॅमेरा मी म्हणेन तिकडे फिरवायचा. व्हेटला मी स्वतः फोन करणार. आधीचं पिल्लू पार्व्होनं गेलंय का, हे थेट विचारणार, कारण तो विषाणू अंगणातल्या मातीत महिनोन्‌महिने तग धरतो. विश्वामित्री नदीच्या बाजूचं घर असेल तर ऑगस्ट 2024 च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं आणि तेव्हा कुत्र्याला कुठे हलवलं असतं, हेही. मगरी आहेतच, शिवाय पुराच्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होतो. हिरवीच्या रांगेतल्या भरूचच्या ताईंनी हे प्रश्न ऐकून उलट मलाच तासभर प्रश्न विचारले. हिरवी तिकडेच जाईल असं वाटतंय.

आणि हे लिहितानाच एक सुचतंय. 2017 च्या ब्रीडिंगच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांआधी पिल्लू विकता येत नाही, म्हणून आपण सगळे आठव्या आठवड्याची तारीख देऊन मोकळे होतो. पण दलालाला नेमकं तेव्हाचंच गुबगुबीत पिल्लू हवं असतं. पिल्लू लंबू झालं, बेढब दिसायला लागलं की त्याचा रस संपतो. मग निळ्याला बारा आठवडे होऊन रेबीजची लस टोचेपर्यंत ठेवला तर? ज्याला खरंच हवा आहे तो थांबेल. दिवाळीही निघून जाईल. आठ ते दहा आठवडे म्हणजे पिल्लांचा दचकायचा काळ, त्यात नवं घर आणि फटाके एकदम नकोतच. खरं तर लालच्या जोडप्यालाही देवदिवाळीनंतरची तारीख विचारते.

मात्र मग माणसांची, आवाजांची सवय मलाच लावावी लागेल. रोज संध्याकाळी कडेवर घेऊन रावपुऱ्यातून एक फेरी, रविवारी कमाटीबाग. लसी पूर्ण होईपर्यंत खाली ठेवायचा नाही. खर्च वाढेल, तो किमतीत लावणार नाही.

निळ्यासाठी कुणाच्या ओळखीत चांगलं घर असेल तर सांगा. पादरा, सावली, हालोल, कुठलंही चालेल, भिंत उंच हवी. घरातल्या सगळ्यांनी एकदा ताराला भेटायला यायचं. दुपारी एक ते चार सोडून कधीही या, तेव्हा ती झोपते.