निपल खाली, हवा वर

औट्रम घाट अवजड गाड्यांना बंद झाला, तरी चाळीसगावात ब्रेकचं काम काही कमी झालेलं नाही. लहान गाड्या चढतात-उतरतातच, आणि उतरताना निम्मे लोक टॉप गिअरमध्ये, पाय ब्रेकवर दाबून. असली तापलेली चाकं मी रोज बघतो. नानांची गाडी त्यातली नव्हती.

नाना भडगावकडचे, केळीवाले. सात सीटर एसयूव्ही. "भो, पायडल पार खाले जास, मंग लागस." डिकीत जुन्या पार्टची गोणी, डॅशबोर्डात बिलं. पायाचा दाब ऑइलला देणारा मास्टर सिलेंडर नवा, तरी फरक नाही म्हणून पायाला जोर पुरवणारा बूस्टर नवा, त्यानंतर मागचे लायनर नवे. पायडल होतं तसंच, फुसकं. शेवटी मिस्त्रीने सांगितलं, दोन पंप मारून चालवा, सवय होईल. घाटात पंप मारून चालवा म्हणणाऱ्याला एकदा त्याच गाडीत बसवून वरून खाली आणायला पाहिजे.

पायडल बरंच सांगतं, पाय थोडा वेळ ठेवला तर. एकदा दाबून धरलं आणि ते हळूहळू फ्लोअरकडे बसत गेलं, तर मास्टरचे सील गेले. इंजिन बंद ठेवून पंप मारायचे, पाय दाबलेला ठेवून स्टार्टर मारायचा. पायडल किंचित खाली आलं तर बूस्टर ठीक. पंप मारल्यावर पायडल वर येत असेल, तर लाइनमध्ये हवा तरी आहे किंवा मागचे शू, म्हणजे लायनर बसवलेल्या पट्ट्या, ड्रमपासून लांब राहिलेत. नानांचं पायडल धरलं तर बसत नव्हतं आणि पंप मारला की वर यायचं. मागची ॲडजस्टमेंट बरोबर होती. म्हणजे हवा. जुन्या बिलातही हवा काढल्याची मजुरी लावलेली होतीच, तीही प्रत्येक वेळी.

हवा कुठे आहे ते शोधायला मी चाकांकडे ऑइल नेणारे रबरी होज दाबतो, म्हणजे तिकडचं चाक तेवढ्यापुरतं तुटतं. त्यासाठी गोल तोंडाचा क्लॅम्प लागतो. आमच्याकडे काही जण व्हाइस ग्रिपने दाबतात आणि होज आतून फाडून ठेवतात. मागचा होज दाबला, काही फरक नाही. पुढचे दोन्ही दाबले आणि पायडल दगड झालं. एकेक सोडला तर दोन्हीकडून तेवढंच फुसकं. म्हणजे मास्टर, बूस्टर, मागचं सगळं त्या क्षणी सुटलं. गोणीतला माल उगाच निघाला होता.

पोऱ्याला पायडलवर बसवलं, निपलला, म्हणजे चाकाजवळच्या हवा काढायच्या पोकळ स्क्रूला, नळी लावली, नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलं. स्वच्छ ऑइल येतंय, बुडबुडा एक नाही. दुसरीकडेही तेच. दोन्हीकडून हवा नाही आणि पायडल तरी फुसकं. असल्या वेळी माणूस नवा पार्ट मागवतो, आणि इथूनच नानांचा खर्च सुरू झाला असणार.

नळी काढायला वाकलो तेव्हा मान फारच वाकवावी लागली. निपल कॅलिपरच्या, म्हणजे डिस्क पकडणाऱ्या चिमट्याच्या, खालच्या बाजूला होता. दोन्ही चाकांना. हवा हलकी, ती वर जाऊन बसणार. म्हणून निपल कायम वरच्या टोकाला असतो. पाण्याची उपडी बाटली खालच्या बुचातून रिकामी केलीत तर वरची हवा जाईल कुठे? डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवलेला. या गाडीत बोल्टची भोकं जुळतात, त्यामुळे कुठेच अडत नाही, चाकही मोकळं फिरतं. असं ब्लीडिंग, म्हणजे हवा काढणं, वर्षभर केलं तरी स्वच्छ ऑइलच येत राहील.

नानांना विचारलं, कॅलिपर कधी उतरवले होते का? "ते तर आधीनं काम शे, किट टाकं तव्हानं." आणि पायडल कधीपासून? त्याच्या नंतरच. हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारलाच नव्हता.

कॅलिपर अदलाबदल केले, होजला पीळ पडत नाही ना ते स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहिलं. नानांनी आणलेला अर्धा उघडा डबा मात्र ठेवला बाजूला. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. नवं डॉट 4 किमान 230 अंशांपर्यंत उकळायला नको, पाणी मुरलं की हीच हमी 155 वर येते. घाटात चाकाशी तेवढी उष्णता सहज होते आणि ऑइलची वाफ झाली की पायडल पुन्हा फ्लोअरला. सीलबंद डबा फोडला. मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात, कारण मास्टर उजवीकडे आणि ते चाक सगळ्यात लांब. पुढच्या डावीकडून हवा अशी निघाली, की पोऱ्या पायडल सोडून बघायला आला. त्याला ओरडलो, कारण निपल उघडा असताना पायडल सोडलं की हवा परत आत.

घाटात नेऊन आणली. पायडल वर, कडक.

मग हिशेब. नाना म्हणाले, "नवं काय टाकं तुमी?" तांब्याचे चार वॉशर आणि डबाभर ऑइल. "मंग येवढी मजुरी कसानी?" मास्टरचे आणि बूस्टरचे पैसे त्यांनी कुरकुर न करता दिले होते, कारण हातात खोका आला होता. माझ्या शोधण्याचा खोका नव्हता. घासाघीस करून शेवटी जे दिलं ते मी घेतलं. त्या मिस्त्रीला मी चांगला ओळखतो. हात चलाख आहे त्याचा, पण शोधण्याचे पैसे कोणी देत नाही हे त्याने माझ्या आधी ओळखलं, आणि तो पार्ट विकतो. माझ्यापेक्षा त्याचं शेड मोठं आहे.

आता नानांचा फोन येतो: मास्टर चांगला होता असं लिहून द्या, मी त्याच्याकडून पैसे काढतो. गोणीतला जुना मास्टर मी व्हाइसमध्ये धरून, तोंडं बंद करून दाबून पाहिला, दाब धरतो. पण तो त्या दिवशी गाडीत कसा वागत होता हे मी पाहिलेलं नाही, आणि कॅलिपर उलटे कोणी बसवले तेही बिलावर नाही. बेअरिंग काढायचा मोठा पुलर मी त्याच मिस्त्रीकडून आणतो. नानांना अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही.