काळी गोटी आणि चकचकीत गोटी : आमची वाटचाल

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या दुकानात आज भिंतभर नट-बोल्ट फिरवायचे पाने आणि गोट्या (नटावर बसवायची सॉकेटं) टांगलेल्या आहेत. सुरुवात झाली ती पत्र्याच्या शेडात, ट्रॅक्टर-ट्रॉली दुरुस्तीने. एक रॅचेट (गोटी फिरवायचा दांडा), चकचकीत गोट्यांचा एक सेट आणि जोर वाढवायला दांड्यावर चढवायचा चार फुटी पाइप, एवढ्यावर मी आणि माझा मावसभाऊ उभे राहिलो.

त्या पाइपने आम्ही बरेच नट सोडवले आणि बरेच स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो ते आट्यांचे दांडे, मोडले. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो आट्यांत पाचर ठोकल्यासारखा बसतो. पाइपवर अंगभार टाकला की स्टड पिळत जातो आणि नट हलायच्या आत तुटतो. मग ड्रिल मारा, आटे पाडा. हंगामात ऊस भरायला निघालेला शेतकरी शेडच्या दारात ताटकळत बसायचा, ते बघवत नव्हतं.

कर्ज काढून कॉम्प्रेसर आणि अर्धा इंची हवेची इम्पॅक्ट गन घेतली. हिच्या आत हातोडा फिरतो आणि ऐरणीवर एकामागून एक ठोके देतो. प्रत्येक ठोका क्षणभराचा, पण जोरकस. त्या हादऱ्याने गंजाची पकड तडकते आणि स्टडला पिळायला फारसा वेळ मिळत नाही. हाताने दाद न देणारे नट सुटू लागले. आनंदाच्या भरात एक चूक झाली : गन नवी, पण गोट्या जुन्याच चकचकीत लावल्या.

एके दुपारी ट्रॉलीच्या चाकावर गोटी फुटली. तुकडा भावाच्या भुवईवर बसला. टाके पडले, डोळा वाचला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी ते तुकडे घेऊन मी उद्यमनगरातल्या एका जुन्या टर्नरकाकांकडे गेलो. त्यांनी तुटलेली कड दाखवली. म्हणाले, ‘‘ही हाताची गोटी हाय. गनला का लावलीस?’’ हाताची गोटी बहुधा क्रोम व्हॅनेडियम पोलादाची, कडक आणि पातळ भिंतीची असते. अडचणीच्या जागी जाते, हाताच्या जोराला उत्तम. पण सतत ठोके बसले की तिला बारीक तडे जातात आणि ती एकदम फुटते. वरचा क्रोमचा मुलामाही उडतो. इम्पॅक्टची काळी गोटी बहुतेक क्रोम मॉलिब्डेनमची, जाड भिंतीची आणि थोडी कमी कडक. म्हणून ठोका सोसते. तिला षटकोनी तोंड असलेलं बरं. बाराकोनी गोटी जुन्या नटाचे कोपरे लवकर खाते. एक्स्टेंशन आणि ॲडॅप्टरही इम्पॅक्टचेच हवेत, हे तर काकांनी दोनदा बजावलं. काळी गोटी हाताने वापरली तर चालते, चकचकीत मात्र गनवर कधीच नाही.

ऑगस्ट २०१९ च्या महापुराने हे ज्ञान कामाला लावलं. पाण्यात राहिलेल्या ट्रॉल्यांचे यू-बोल्ट, हबचे नट, सगळं जाम. आधी तारेचा ब्रश, मग गंज सोडवणारं तेल आणि रात्रभर मुरू द्यायचं. सकाळी गन आधी जरा आवळायच्या दिशेने, मग सोडायच्या. तरी नाही हलला तर उष्णता, तीही तेल पुसून आणि टायर, रबर, ग्रीस जवळ नाही याची खात्री करून. गावोगावचे मेकॅनिक बघायला यायचे आणि विचारायचे, ‘‘ही काळी गोटी मिळते कुठं?’’ तिथून दुकान सुरू झालं.

काळी महाग पडते म्हणून गनसाठी चकचकीत मागणारी गिऱ्हाइकं अजून येतात. त्यांना आम्ही विकत नाही. काही रागावून जातात. भुवईवरचा व्रण घेऊन भाऊच काउंटरला असतो, तो शांतपणे समजावतो आणि सोबत गॉगल घ्यायला लावतो.

गन सोडवायला चांगली. आवळताना मात्र शेवटचा जोर टॉर्क पान्यानेच, म्हणजे किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्यानेच द्यावा, नाहीतर स्टड ताणला जातो. गळीत हंगामाआधी ट्रॉलीचे नट तपासायचे असतील, तर आमचा टॉर्क पाना घेऊन जा. भाडं घेत नाही, फक्त संध्याकाळपर्यंत परत आणा.