आमच्या शीतल नगरचा कौस्तुभ

आज मीरा रोड रडलं. मेजर कौस्तुभ राणे, वय 29. मंगळवारी, 7 ऑगस्ट 2018 ला, काश्मीरमधल्या गुरेझमध्ये घुसखोरांना अडवताना त्याला वीरमरण आलं. याच वर्षी त्याला सेना मेडल जाहीर झालं होतं, तेव्हा अख्ख्या परिसराची मान ताठ झाली होती.

मुंबईच्या उपनगरात शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही म्हणतात. आज येऊन बघायला हवं होतं. शीतल नगरात पाय ठेवायला जागा नव्हती. गॅलऱ्या, गच्च्या माणसांनी भरलेल्या. माझ्या पुढे एक आजी ताटात झेंडूची फुलं घेऊन उभ्या होत्या. गर्दीत धक्के बसत होते, पण ताट दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं. तिरंग्यात गुंडाळलेली पेटी आली तेव्हा त्यांच्याच्यानं फुलं उधळवेनात. शेजारच्या पोराने त्यांचा हात धरून उधळली. "अमर रहे"च्या घोषणा देता देता माझाही आवाज बसला.

त्याच्या आईवडिलांकडे, पत्नीकडे बघवत नव्हतं. मुलगा तर अजून इतका लहान आहे की आज काय घडलं हे त्याला कळणारही नाही.

कौस्तुभबरोबर आणखी तिघे गेले, दोघे उत्तराखंडचे, एक हरियाणाचा. त्यांच्याही गल्ल्यांत हेच चाललं असणार. त्यांचीही नावं घ्या, एवढीच विनंती.

आणि शेजाऱ्यांनो, आजची गर्दी उद्या पांगेल. गणपतीत, दिवाळीत त्या घराची बेल वाजवायला विसरू नका. मी जाणार आहे.