लॅपटॉप बदलण्याआधी टास्क मॅनेजर उघडा

चालू केल्यावर पाच मिनिटं नुसतं गोल फिरत राहतं, म्हणून नवा लॅपटॉप घ्यायचं मनात असेल, तर आधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, मग डिस्क. तिथं एचडीडी (फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क) लिहिलेलं असेल आणि काहीही न करता आकडा १०० टक्क्यांवर अडकून बसला असेल, तर दुखणं तिथंच आहे. फिरत्या तबकडीवरून बारीकसारीक फायली हजार ठिकाणांहून उचलायच्या, तर प्रोसेसर ताटकळणारच. फॉरमॅट मारून आठवडाभर बरं वाटतं, मग पुन्हा तेच.

यावर इलाज अडीच इंची, ७ मिलिमीटर जाडीची साटा एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर माहिती ठेवणारी, साटा जोडणीची डिस्क. पत्रं, बिलं आणि फोटोंना २५६ जीबी पुरते. आधी बॅकअप घ्या, मगच स्क्रू काढा. जुनी डिस्क कटकट आवाज करत असेल तर बॅकअपला उशीर नको. धड असेल तर यूएसबी केसमध्ये घालून पुढं वापरता येते. त्याच टास्क मॅनेजरमध्ये मेमरीखाली रॅमचे किती स्लॉट (खाचा) भरलेत तेही दिसतं. ४ जीबीच असेल आणि एक स्लॉट मोकळा असेल तर रॅम वाढवा. पण आधी रॅमचा प्रकार डीडीआर३एल की डीडीआर४ ते बघा, एकाची पट्टी दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही.

हा खर्च करण्याआधी प्रोसेसरची पिढी तपासा. आय५-७२००यू म्हणजे सातवी, आय५-८२५०यू म्हणजे आठवी. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून चालतं, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे अपडेट मिळणं, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सातव्या पिढीच्या यंत्रावर एसएसडी घालून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकली तर ते अजून काही वर्षं सहज चालेल. मात्र टॅली विंडोजसाठी असल्यानं ते वापरणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये.

नवाच घ्यायचा ठरलं, तर ‘रायझन ५ आहे’ एवढ्यावर मान डोलावू नका. रायझन हे एएमडी कंपनीचे प्रोसेसर; ७५२०यू आणि ७५३०यू, दोन्ही रायझन ५. पहिल्यात ४ कोर आणि जुनी झेन २ रचना, दुसऱ्यात ६ कोर आणि झेन ३. खुबी तिसऱ्या आकड्यात आहे: २ म्हणजे झेन २, ३ म्हणजे झेन ३. शिवाय ७५२०यूची रॅम बोर्डावर डाखलेली असते, पुढं वाढवता येत नाही. असा लॅपटॉप ८ जीबीत घेऊन ‘नंतर बघू’ म्हणण्यात अर्थ नाही. ५१२ जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४७६ दिसते म्हणून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी दशमानात (१००० च्या पटीत) मोजते, विंडोज द्विमानात (१०२४ च्या पटीत).

वॉरंटी ऑनसाइट (माणूस घरी येतो) की कॅरी-इन (लॅपटॉप आपण न्यायचा), हे बिल फाडण्याआधी विचारा. ऑनसाइट असेल तर आपला पिनकोड त्यात बसतो का तेही बघा, नाहीतर खानापूर-निपाणीहून लॅपटॉप पिशवीत घालून शहर गाठावं लागेल.

आपल्याकडं बेळगाव सीमाभागात अर्ज मराठीत आणि जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, त्यामुळं सेटिंग्जमध्ये दोन्ही भाषा घालून घ्या. विंडोज बटण आणि स्पेसबार दाबलं की कीबोर्ड बदलतो. मराठी फोनेटिक घेतलं तर इंग्रजी अक्षरांवरून टाइप होतं. दोन्ही लिप्यांसाठी निर्मला फॉन्ट आधीच असतो. तरी एखादी फाइल अगम्य चिन्हांत उघडली, तर ती बहुधा जुन्या नुडी किंवा श्रीलिपी फॉन्टमधली असते. लॅपटॉपचा दोष नाही. तो फॉन्ट बसवा, नाहीतर पाठवणाऱ्याकडून युनिकोडमध्ये मागवून घ्या.

आणि धातूच्या बॉडीवर तळहाताला मुंग्या आल्यासारखं वाटलं, तर लॅपटॉप परत करायला धावू नका. जुन्या घरांत तीन पिनी सॉकेट असतं, आत अर्थिंगची वायर नसते. चार्जरमधला अगदी थोडा गळती प्रवाह मग बॉडीवर जाणवतो. वायरमनला बोलावून त्या सॉकेटची अर्थिंग तपासून घ्या; दोन पिनी अडॅप्टर मधे लावला असेल तर तो आजच काढा.