बसतंय की, मग मारायला काय हुतंय?

जुन्या रायफलीत बसणारी गोळी मारावी का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. रायफल नेमबाजीत माझी पंचवीस वर्षं गेली, त्यामुळे घरात जुनं हत्यार असलेले लोक मला गाठतात. प्रश्न ठरलेला असतो: "गोळी चेंबरमध्ये बसतीया, बोल्ट बी लागतोय. मग मारायला काय हुतंय?"

चेंबर म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसायची जागा, आणि बोल्ट म्हणजे ती मागून बंद करणारा दांडा. काडतूस नुसतं बसतंय यावर विसंबू नका. का, ते बारा बोअरच्या, म्हणजे छऱ्यांच्या बंदुकीवरून लवकर कळतं. भुदरगडचे एक काका रानडुकरांपासून ऊस राखायला परवान्याची बंदूक बाळगतात. वडिलोपार्जित, इंग्रजी बनावटीची दुनळी. निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा केलेली ती बंदूक परत मिळाली, तसे नवी काडतुसं घेऊन माझ्याकडे आले. काडतुसं अगदी सुरेख बसत होती. नळीखाली मात्र २½ इंचाचा छाप होता, म्हणजे चेंबर ६५ मिलिमीटरचं, आणि काडतुसं ७० मिलिमीटरची. हे ७० माप बार उडाल्यानंतरचं असतं. छरे आत राहावेत म्हणून काडतुसाचं तोंड घडी घालून मिटलेलं असतं. ती घडी मिटलेली असेपर्यंत काडतूस ६० मिलिमीटरच्या आसपासच भरतं, म्हणून आखूड चेंबरमध्येही आरामात शिरतं. बार उडाला की घडी उलगडते, तिला जागा पुरत नाही, ती पुढच्या निमुळत्या भागात घुसते. छऱ्यांची वाट चिंचोळी होते आणि दाब चढतो.

काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मागच्या साली दोन उडवली हुती की वो."

आता रायफलीकडे येतो. पितळी काडतूस म्हणजे नुसती दारूची डबी नव्हे. बार होताना पितळ फुगतं, चेंबरच्या भिंतीला चिकटतं आणि गॅसला मागं येऊ देत नाही. चेंबर सैल असेल तर हेच पितळ फाटतं आणि गरम गॅस नेमबाजाच्या तोंडाकडे येतो. स्वप्नील कुसाळेनं २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळवलं ते पॉइंट टूटूच्या, म्हणजे ०.२२ इंच मापाच्या रायफलीवर. ही गोळी किती लहान! तरी तिच्या चेंबरमधला दाब चौरस इंचाला २४,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो, मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या सातशे पट. पॉइंट टूटू लाँग रायफल आणि पॉइंट टूटू मॅग्नम, दोन्ही नावांत टूटू आहे, पण मॅग्नमचं काडतूस सुमारे ०.४ मिलिमीटरनं जाड. लाँग रायफलची गोळी मॅग्नमच्या चेंबरमध्ये सहज जाते, आणि तिथं तिचं पितळ फाटतं.

म्हणून आकडा एकटा वाचू नका, पूर्ण नाव वाचा. उलटंही घडतं: पॉइंट टूसेव्हन्टीफाइव्ह रिग्बी आणि ७×५७ माउझर ही एकाच काडतुसाची दोन नावं. छऱ्यांच्या बंदुकीच्या नळीचं माप बोअरमध्ये सांगतात, त्याचा हिशेब तर आणखी निराळा. त्यात आकडा वाढला की नळी बारीक होते. २० बोअरचं काडतूस १२ बोअरच्या नळीत घसरून पुढं अडकतं, दिसत नाही, आणि मागून बाराचं भरलं तर नळी फुटते. म्हणूनच विसाचं काडतूस पिवळं ठेवायची पद्धत पडली. या पिवळ्या रंगाबद्दल मला मनापासून आदर वाटतो, कुणाचे तरी हात त्यानं वाचवले असणार.

नळीवरचा छाप आणि काडतुसाच्या बुडावरचा छाप, दोन्ही जुळले पाहिजेत. नळीवरचा छाप झिजला असेल तर?

दाजीपूरच्या जंगलात शिकारी चालायच्या त्या काळातली एक माउझर रायफल कोल्हापुरातल्या एका घरात आहे. छाप पुसट, ८×५७ एवढंच वाचता येत होतं. घरात त्याच आकड्याच्या गोळ्यांचा डबा होता, त्यावर पुढं जेएस. मी नको म्हणालो. या काडतुसाची जुनी जात जे, तिच्यातून सुटणारी गोळी जेएसपेक्षा ०.००५ इंचानं बारीक. जाड गोळी अरुंद नळीत गेली तर दाब धोक्याच्या पलीकडे जातो. घरच्यांना माझं म्हणणं आवडलं नाही, आजोबांच्या वर्षश्राद्धाला त्यांना एक बार काढायचा होता. तरी त्यांनी रायफल परवानाधारक कारागिराकडे नेली. त्यानं चेंबरचा आणि नळीचा ठसा घेऊन मापं काढली.

नळी जुन्या, अरुंद मापाची निघाली. डब्यातली गोळी चेंबरमध्ये बसत होती, बोल्टही लागत होता.