सहा वर्षं ही गाडी कोण चालवत होतं?

जून महिना आमच्या विम्याच्या धंद्यात निवृत्तांचा. शाळेत घालताना मास्तरांनी १ जून ही जन्मतारीख लिहून टाकलेली एक अख्खी पिढी आहे. ती ३१ मे रोजी नोकरीतून मोकळी होते आणि आठ-दहा दिवसांत फाइल घेऊन आमच्याकडे येते. नाशिकला सिडकोत माझं विम्याचं छोटं ऑफिस आहे. ९ जून २०२५ला, सोमवारी सकाळी आलेले काका त्यांच्यातलेच. अंबडच्या एका कारखान्यात तीस वर्षं काढलेली. कंपनीने वापरायला दिलेली गाडी जाताना त्यांनीच विकत घेतली. मेअखेर ती त्यांच्या नावावर झाली होती आणि कंपनीची पॉलिसी १२ तारखेला संपत होती.

"ताई, रिटायर झाल्यावर हप्ता कमी होतो ना? मुलगा न्यू जर्सीला असतो, तो म्हणाला."

मुलाचं म्हणणं तिकडच्यापुरतं बरोबर होतं. अमेरिकेत गाडी वर्षाला किती मैल चालते, रोज कामावर नेता का, हे विचारून प्रीमियम लावतात. कामावरची ये-जा थांबली की तो बरेचदा उतरतो आणि सत्तरीपुढे पुन्हा चढू लागतो. आपल्याकडे थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्यासाठीच्या विम्याचा दर सरकार ठरवतं, तोही इंजिनच्या सीसीवर. काकांची गाडी ११९७ सीसीची, म्हणजे ३,४१६ रुपये. मालक पंचविशीचा असो की साठीचा. राहिला ओडी, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा भाग. तिथे गाडीची किंमत, तिचं वय, ती कुठे नोंदलेली आहे हे बघतात. जेवढी चालवाल तेवढा हप्ता, असं ॲड-ऑन २०२२पासून मिळतं, पण निवृत्तीच्या पहिल्या वर्षी मी ते सहसा सुचवत नाही. त्या वर्षी माणसं मनसोक्त हिंडतात. काकांच्या फाइलमध्ये गणपतीपुळ्याच्या बुकिंगची पावतीसुद्धा होती.

त्याच फाइलमध्ये दुसरीकडून आणलेलं कोटेशन होतं. ओडी ७,८०० रुपये. त्याखाली, नो क्लेम बोनस : शून्य.

"मालक बदलला की बोनस जातो, असं सांगितलं त्यांनी," काका म्हणाले.

एरवी हे खरंच आहे. बोनस म्हणजे क्लेम न करता काढलेल्या वर्षांबद्दल ओडीवर मिळणारी सूट. ती गाडीची नसते, मालकाची असते. गाडी विकली की ती जुन्या मालकाकडे राहते. पण मी विचारलं, "काका, सहा वर्षं ही गाडी कोण चालवत होतं?"

"मीच. दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. एक क्लेम नाही."

माझ्या कपाटात २००२च्या इंडिया मोटर टॅरिफची, म्हणजे गाडीविम्याच्या दर-नियमांच्या पुस्तकाची झेरॉक्स आहे, कडा पिवळ्या पडलेली. ओडीचे दर २००७पासून खुले झाले, तरी बोनसच्या बाबतीत आम्ही अजून तेच पुस्तक उघडतो. २७व्या नियमात एक पोटकलम आहे : संस्थेची गाडी एखाद्या कर्मचाऱ्याला दिलेली असेल, ती फक्त तोच चालवत असेल आणि पुढे त्याच्याच नावावर झाली, तर त्या काळात जमलेला बोनस त्याला मिळावा. त्यासाठी संस्थेचं तसं पत्र हवं. त्या ओळीवर बोट ठेवून मी काकांना ती वाचून दाखवली. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि स्वतः पुन्हा वाचली.

पण पत्र मागायला ते तयार होईनात. "परवाच निरोप समारंभ झाला. आता गेटवर व्हिजिटरचा पास घेऊन आत जायचं, तेही चार-पाच हजारांसाठी?" मला फार वाईट वाटलं. हे पैसे कुणाची मेहेरबानी नव्हती, सहा वर्षं जपून गाडी चालवल्याची त्यांची कमाई होती. शेवटी मीच त्यांच्यासमोर कंपनीत फोन लावला. एचआरच्या मुलीने दुपारी ईमेलने पत्र पाठवलं : "सदर वाहन त्यांच्या वापरात होते." एवढ्याने भागत नाही. 'केवळ यांनाच दिलेले', 'केवळ हेच चालवत होते' आणि कधीपासून कधीपर्यंत, हे तिन्ही लागतं. पुन्हा फोन केला, एकेक शब्द सांगितला. पाच वाजता दुसरं पत्र आलं आणि सहाच्या आत विमा कंपनीने ते मान्य केलं. पन्नास टक्के बोनस. ओडी ३,९०० वर आला. १८ टक्के जीएसटी धरून ४,६०२ रुपये वाचले.

एक खर्च मात्र वाढला. गाडी कंपनीच्या नावावर होती तोवर पॉलिसीत मालक-चालकाचा अपघात विमा नव्हता, कारण कंपनी काही गाडी चालवत नाही. आता काका मालक, म्हणून १५ लाखांचं ते कव्हर घेणं भाग होतं. कंपनीचा ग्रुप विमाही नोकरीबरोबर संपला होता, तेव्हा हे कव्हर मी आग्रहाने घ्यायला लावलंच असतं. त्याला मालकाचं चालू लायसन्स लागतं. ते मी मागितलं.

काकांनी पाकिटातून कार्ड काढून दिलं. वैधता : ३१-०५-२०२५.

पन्नाशी ते पंचावन्नच्या दरम्यान नूतनीकरण केलं की लायसन्स साठाव्या वाढदिवसापर्यंतच चालतं. नोकरी आणि लायसन्स एकाच दिवशी संपलं होतं. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या वर्षभर आधीही करता येतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. नऊ दिवस ते गाडी चालवत होते आणि त्या सकाळीही द्वारका चौकातून स्वतःच चालवत आले होते. काही झालं असतं, तर बोनस राहू द्या, क्लेमच अडकला असता.

काका बराच वेळ कार्डाकडे बघत राहिले. मग चावी माझ्या टेबलावर ठेवली. नव्या पॉलिसीचं काम तिथेच थांबवून मी डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म १-ए छापून दिला आणि सकाळी आधी आरटीओचं काम करू, तीन दिवस हातात आहेत, असं सांगितलं. तासाभराने काकू मुलीला घेऊन रिक्षाने आल्या. दुसऱ्या दिवशी वटपौर्णिमा, काकूंच्या पिशवीत फणसाचे गरे होते. त्यातले चार माझ्या हातावर ठेवले. मुलीने स्वतःचं लायसन्स मला न मागता दाखवलं. ती चालवायला बसली, काकू मागे. काका पहिल्यांदाच डावीकडच्या सीटवर बसले आणि बेल्ट कुठून ओढायचा ते शोधू लागले.