कूलरचा वास आणि डक्टमधला पाइप

गुढीपाडवा झाला की आमच्याकडे कूलर माळ्यावरून उतरतो. यंदा ताट्या नव्या घातल्या, वाळ्याच्या, जरा महागातल्याच. पहिले दोन दिवस घरभर काय घमघमाट! आठव्या दिवशी लेक बैठकीत आली आणि म्हणाली, "आई, कुठे नाली तुंबली का गं?"

आम्ही दोष दिला वाळ्याला. दुकानदारानं जुना माल गळ्यात मारला असणार. ह्यांनी तर भांडायला जायची तयारीही केली. पण ताटीवर पांढरी खार धरलेली दिसली आणि माझ्यातली केमिस्ट्रीची मास्तरीण जागी झाली. आरओ बघायला घेतलेलं टीडीएसचं पेन, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं, घरात होतंच. कूलरच्या टाकीत बुडवलं, तर आकडा हजाराच्या वर. हे म्हणाले, "अगं, पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. कूलरचा आकडा वाढणारच." बरोबर होतं. मग कूलरला येणारी लाइन सोडवली आणि ताजं पाणी पेल्यात घेतलं. ५६०. स्वयंपाकघरातल्या नळाचं १९०. जरा विचार करून संडासातल्या फ्लशच्या टाकीचं झाकण उचललं. तिथेही ५६०.

म्हणजे आठवडाभर आम्ही एसटीपीचं, सोसायटीच्या प्लांटमध्ये शुद्ध केलेल्या सांडपाण्याचं, पाणी हवेत उडवून त्यात झोपत होतो.

आमची सोसायटी नागपूरच्या बेसा रोडला, तीन विंग, १६८ फ्लॅट. बांधकाम २०,००० चौरस मीटरच्या वर गेलं की पर्यावरणाची मंजुरी लागते, आणि तिच्यासोबत सांडपाण्याचा प्लांट आणि फ्लशची वेगळी लाइन येते. हिशेबानं ही सोय सोन्यासारखी आहे. राष्ट्रीय बांधकाम संहितेत माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात, त्यातले ४५ लिटर निव्वळ फ्लशचे. घरटी चार माणसं धरली तर आमच्याकडे रोज तीस हजार लिटर, म्हणजे पाच हजारवाले सहा टँकर वाचतात. बेसा रोडला मे महिन्यात सहा टँकर म्हणजे काय, ते इथल्यांना सांगायला नको. आणि नागपूरकरांनी नाक तरी का मुरडावं? भांडेवाडीला शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीजघराला जातं, तो प्रकल्पच १३० एमएलडीचा, म्हणजे रोजचे १३ कोटी लिटर.

प्लांटमध्ये घाण खाणारे जिवाणू असतात, पण पाण्यात विरघळलेलं मीठ ते खात नाहीत. म्हणूनच पाणी दिसायला नितळ असलं तरी पेन खोटं बोललं नाही.

प्लंबरभाऊंना बोलावलं. फेब्रुवारीत त्यांनीच कूलर आपोआप भरायला फ्लोटवाली लाइन ओढून दिली होती, बादल्या ओतायला नकोत म्हणून. सगळे पाइप जातात त्या डक्टमध्ये डोकावून म्हणाले, "काकू, पाइप तर सगळे पांढरेच दिसून राहिले. जो जवळ होता त्याले जोडला."

मी रागावणार होते, पण डोकावून बघितल्यावर राग कुणावर काढावा तेच कळेना. फ्लशच्या पाइपवर मुळात जांभळे पट्टे होते. पुनर्वापराच्या पाण्याला जांभळा रंग ही पद्धत कॅलिफोर्नियातल्या आयर्विन रँच वॉटर डिस्ट्रिक्टनं रुळवली, आणि आता बऱ्याच ठिकाणी तीच चालते. सोबत 'पिण्यायोग्य नाही' असं लिहायचं असतं. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी रंगकाम झालं तेव्हा पेंटरनं डक्टही कौतुकानं आतून क्रीम करून दिला. कमिटीनं त्याचे वेगळे पैसेसुद्धा दिले. कमिटीत मीही होते.

मग एका रविवारी आमच्या विंगची तपासणी केली. पद्धत सोपी, पण शेजाऱ्यांना समजावणं अवघड. गच्चीवरून चांगल्या पाण्याचा व्हॉल्व बंद करायचा, ती लाइन रिकामी करायची, फ्लशची चालू ठेवायची. मग घरोघरी एकूण एक नळ उघडायचा. कुठेही धार आली, की तिथे दोन लाइनींची गाठ आहे. मग उलट: फ्लशची बंद, चांगली चालू; आता फ्लशची टाकी भरता कामा नये. दोन घरं कुलूपबंद, एका काकूंचं "आत्ताच आंघोळीला बसल्येय".

सापडलं काय, तर नळ सगळे कोरडे, पण अकरा घरांत जेट स्प्रेला पाणी! फ्लशच्या टाकीला पाणी देणारा अँगल कॉक टू-वे घेतला, की दुसऱ्या तोंडाला जेट लावायची आपल्याकडे सवयच आहे. एक लाइन असताना त्यात काही वावगं नव्हतं. दोन लाइनी झाल्या की तेच प्लांटचं पाणी थेट अंगाला लागतं. जेटला चांगल्या लाइनीवरून स्वतंत्र पॉइंट हवा, आणि तो टाइल्स लावायच्या आधी काढावा लागतो. नंतर फोडाफोडी. अकरापैकी आठ घरांनी फोडून घेतलं, तिघांनी जेट काढून टमरेल ठेवलं.

खरा धसका मात्र गच्चीवर बसला. प्लांट बंद पडला तर गच्चीवरच्या फ्लशच्या मोठ्या टाकीत चांगलं पाणी सोडायची सोय असते. आमच्याकडे तो पाइप सरळ टाकीच्या पाण्यात बुडवलेला. चांगल्या पाण्याची लाइन रिकामी झाली की फ्लशचं पाणी उलटं ओढलं जाऊ शकतं. "एनआरव्ही आहे ना काकू!" म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व. असेल, पण त्यात वाळूचा एक कण अडकला की तो उघडाच राहतो. तिथे हवा तो नुसता मोकळा अवकाश: पाइपचं तोंड टाकीच्या ओव्हरफ्लोच्या वर, निदान पाइपच्या व्यासाच्या दुप्पट उंचीवर. दोन इंची पाइप, चार इंच अंतर. एक आरी, एक बेंड, अर्धा तास. इतक्या वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं, मलाही नाही.

जांभळा रंग आणायला गेले तर दुकानदारानं विचारलं, "भिंतीला का ताई?" पट्टे आता दर मजल्यावर आहेत, आणि डक्टच्या दारावर प्लंबरभाऊंच्या हातचं लिहिलेलं 'संडासचं पाणी, जोडू नये'.

वाळ्याच्या ताट्या फेकल्या, टाकी ब्लीचिंगनं घासली, नव्या ताट्या साध्या वूडवूलच्या आणल्या. फ्लोटची लाइन सध्या कापलेलीच आहे. हे रात्री झोपताना बादली ओततात, आणि ओतायच्या आधी दर वेळी वास घेऊन बघतात.